सासर जर्मनीत, परीक्षा पुण्यात

मैत्रिणींनो, मुलीचं लग्न ठरवताना आपण काय काय पाहतो? पत्रिका पाहतो, घराणं पाहतो, पगार, मुलाच्या सवयी, सासूचा स्वभाव सगळं विचारून घेतो. मुलगा परदेशात असला तर व्हिसाचीही चौकशी करतो. पण ‘आमच्या मुलीला तिथली भाषा किती यावी लागेल?’ असा प्रश्न बैठकीत कुणी विचारलेला मी तरी ऐकला नव्हता.

२०१८ साली माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, तेव्हा आम्हीही तो विचारला नाही. मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टजवळ एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला. लग्न थाटात झालं, जावई रजा संपवून परत गेले आणि मग कळलं की नणंदेला नवऱ्याकडे जायचं तर आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यायला हवी! सासूबाई तर कपाळाला हात लावून बसल्या. “हे काय बाई नवीनच! नवऱ्याच्या घरी जायलासुद्धा परीक्षा?”

मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे घरात कुणाची परीक्षा आली की सगळे माझ्याकडे पाहतात. जर्मनचा गंध नसताना नणंदेचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आज तिला तिथे कायम राहण्याचा परवाना मिळाला आहे. या सहा-सात वर्षांत आम्ही दोघी जे शिकलो ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा लेख. कारण आता आपल्या लहान गावांतूनही मुली जर्मनीला जाऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्या आया आमच्यासारख्याच अंधारात असतात.

पहिली पायरी

नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला येणाऱ्याला थोडं तरी जर्मन यावं, हा नियम जर्मनीने २००७ साली केला. या पहिल्या पायरीला ‘ए-वन’ म्हणतात. परीक्षा एकूण १०० गुणांची. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि पास व्हायला ६० गुण. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात ती देता येते.

परीक्षेत विचारतात तरी काय? स्वतःचं नाव, वय, गाव, येणाऱ्या भाषा, काम आणि आवड सांगायची. आपल्या नावाचं स्पेलिंग जर्मन उच्चारात करून दाखवायचं. एक साधा फॉर्म भरायचा, चार ओळींचं पत्र लिहायचं. स्टेशनवरची घोषणा ऐकून गाडी कोणत्या फलाटावर येणार ते ओळखायचं. चिठ्ठीवर एखादा शब्द असतो, त्यावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

आमच्या गावात एका क्लासची पाटी होती, ‘पंधरा दिवसांत जर्मन.’ भरपूर फी भरून नणंद तिथे जाऊ लागली. तिथल्या बाईंनी वीस प्रश्न आणि त्यांची वीस उत्तरं घोकून घेतली. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही दोघी पुण्याला गेलो. तोंडी परीक्षेत तिच्या हाती ‘खाणेपिणे’ या विषयाची चिठ्ठी आली आणि शब्द होता ‘रविवार’. ‘रविवारी तुम्ही काय खाता?’ एवढंच विचारायचं होतं. पण तो प्रश्न त्या वीसांत नव्हता! बिचारी गप्प उभी राहिली. पन्नासच्या वर दोन गुण मिळाले आणि नापास. परतताना एस.टी.त ती मला म्हणाली, “वहिनी, मी बी.ए. झाले हो, आणि मला ‘रविवारी काय खाता’ विचारता येत नाही!”

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की शाळेतल्या मुलांना ज्यावरून मी रागावते तेच आम्ही केलं होतं. उत्तरं पाठ केली होती, भाषा शिकलोच नव्हतो.

‘डास’ चावत नाही

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नणंद पुण्याला मावशीकडे राहिली आणि तीन महिने नीट क्लासला गेली. शनिवारी-रविवारी घरी आली की आमचा अभ्यास स्वयंपाकघरात.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि त्याप्रमाणे नामाआधी ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘डास’ लागतं. इंग्रजीवर वाढलेल्यांना याचा फार ताप होतो म्हणे. आपल्याला कशाला व्हावा? आपण तो, ती, ते म्हणत लहानाचे मोठे झालो! ‘डास’ म्हणजे आपलं ‘ते’. नणंदेला त्या शब्दाचं हसू यायचं, पण हसता हसताच पाठ झालं. मीठ आपल्याकडे ‘ते’, जर्मनमध्येही ‘ते’. पाणी दोन्हीकडे ‘ते’. तांदूळ दोन्हीकडे ‘तो’. अर्थात सगळीकडे असं जुळत नाही. आपली साखर ‘ती’, त्यांची ‘तो’. आपलं दूध ‘ते’, त्यांचं ‘ती’. जेवणाच्या टेबलावर तर मजाच. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! चंद्र आपल्यासारखाच ‘तो’ आहे, पण सूर्य मात्र ‘ती’.

आम्ही तीन रंगांचे कागद आणले. ‘तो’ला निळा, ‘ती’ला लाल, ‘ते’ला हिरवा. त्याच्या चिठ्ठ्या करून फडताळातल्या प्रत्येक डब्यावर चिकटवल्या. सासूबाई आधी कुरकुरल्या, पण महिन्याभरात त्याच हरभऱ्याची डाळ काढताना चिठ्ठी मोठ्याने वाचू लागल्या.

आकड्यांचंही तसंच. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. म्हणजे अगदी आपल्या ‘पंचवीस’सारखं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं आणि केवढा वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हा नणंदेचीच आठवण झाली. आणि मोठ्यांना ‘तुम्ही’, जवळच्यांना ‘तू’, हाही भेद जर्मनमध्ये आहे. इंग्रजीत तो नाही.

सांगायचा मुद्दा हा की मराठी माणसाला जर्मन अगदीच परकी नाही. आपली मराठी चांगली असेल तर तिचा आधार होतो. मराठी माध्यमातल्या मुलींनी उगीच घाबरू नये. दुसऱ्या खेपेला नणंदेला ८१ गुण मिळाले.

पुढच्या पायऱ्या

इथवर फक्त दार उघडलं. कायम राहण्याचा परवाना हवा तर पुढची वाट मोठी आहे. त्या परवान्याचं जर्मन नाव आहे ‘नीडरलासुंग्स-एरलाउबनिस’. नाव पाठ करायलाच आम्हाला दोन दिवस लागले!

त्यासाठी सामान्यतः पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. घर चालवण्याइतकं उत्पन्न असावं लागतं. पेन्शनची ६० महिन्यांची वर्गणी भरलेली असावी लागते. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर दोघांपैकी एकाने ती भरलेली चालते, ही गोष्ट गृहिणींसाठी महत्त्वाची. शिवाय दोन गोष्टी स्वतःच कराव्या लागतात, तिथे नवऱ्याची कमाई कामाला येत नाही. एक म्हणजे ‘बी-वन’पर्यंतची भाषा. म्हणजे डॉक्टरांशी, शाळेतल्या बाईंशी, ऑफिसात, कुणाच्या मदतीशिवाय बोलता येईल इतकी. आणि दुसरी म्हणजे तिथल्या कायद्याची आणि समाजाची माहिती. आपल्या भाषेत सांगायचं तर नागरिकशास्त्र.

या दोन्हींसाठी तिथे २००५ पासून सरकारी अभ्यासक्रम चालतो. नेहमीच्या अभ्यासक्रमात भाषेच्या ६०० तासिका आणि नागरिकशास्त्राच्या १००. फीचा काही भाग आपण भरायचा, बाकीचा सरकार सोसतं. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा असते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, वेळ एक तास. पंधरा उत्तरं बरोबर आली की पास. पुढे नागरिकत्व घ्यायचं तर त्याच परीक्षेत सतरा लागतात. देशाविषयीचे ३०० प्रश्न आणि आपण ज्या राज्यात राहतो त्याचे दहा, असे सगळे प्रश्न आधीच जाहीर केलेले असतात. परीक्षेत त्यांतलेच येतात.

प्रश्न वाचताना

ते प्रश्न नणंद मला फोनवर सांगायची आणि मी भाजी निवडता निवडता उत्तरं द्यायची. काही प्रश्न आपल्या शाळेतल्यासारखे. झेंड्याचे रंग कोणते? काळा, लाल, सोनेरी. बर्लिनची भिंत कधी बांधली? १९६१ साली. दोन जर्मनी एक कधी झाल्या? ३ ऑक्टोबर १९९० ला. चॅन्सलरला कोण निवडतं? तिथली लोकसभा, म्हणजे बुंडेस्टाग.

पण काही प्रश्न थेट आपल्या घरात शिरणारे. मुलाला मारलं तर काय? ‘हा घरचा मामला आहे’ असा एक पर्याय दिलेला असतो, पण बरोबर उत्तर आहे, शिक्षा होऊ शकते. माझा हात भाजीतच थांबला. आदल्याच दिवशी मी चिरंजीवांच्या पाठीत एक धपाटा घातला होता! दुसरा प्रश्न असा. दोन वर्षांचं मूल असलेल्या बाईने नोकरीसाठी अर्ज केला, तर तिच्यावर अन्याय केव्हा झाला म्हणायचं? केवळ मूल आहे म्हणून तिला नोकरी नाकारली तर. आपल्यापैकी किती जणींना मुलाखतीत ‘मुलं केवढी आहेत?’ हे पहिल्यांदा विचारलेलं आहे, आठवून पाहा. रात्रीच्या शांततेचाही प्रश्न आहे. दहा वाजल्यानंतर गोंगाट चालत नाही. म्हणजे रात्री इडलीचं पीठ मिक्सरवर वाटायचं नाही, हे नणंदेने तेव्हाच लक्षात ठेवलं.

माझी उत्सुकता वाढली म्हणून मी थोडं आणखी वाचलं. आपल्याला वाटतं तिकडच्या बायकांना सगळे हक्क पहिल्यापासून होते. तसं नाही हो! १९४९ साली जर्मनीची घटना तयार झाली. ती तयार करणाऱ्या ६५ जणांत बायका फक्त चार. त्यांतल्या एलिझाबेथ झेल्बर्ट यांनी स्त्री-पुरुषांना समान हक्क आहेत असं स्पष्ट लिहा म्हणून हट्ट धरला. आधी तो नाकारला गेला. मग देशभरच्या बायकांनी पत्रं पाठवली, तेव्हा कुठे ते वाक्य घटनेत आलं. आणि घटनेत आलं तरी घरात यायला किती वर्षं लागली पाहा. १९५८ पर्यंत बायकोची नोकरी नवरा परस्पर सोडवू शकत होता. १९७७ पर्यंत कायद्यात लिहिलेलं होतं की घरची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच विवाहितेने नोकरी करावी. हे वाचल्यावर तो देश मला एकदम ओळखीचा वाटू लागला.

हे योग्य आहे का?

तुम्ही म्हणाल, नव्याने लग्न झालेल्यांना परीक्षेसाठी ताटकळत ठेवणं बरं आहे का? सासूबाईंचा हा सवाल मला अजूनही खरा वाटतो. आमच्या घरी सहा महिने वाया गेले. क्लासची फी, पुण्याच्या फेऱ्या, परीक्षेची फी, हा खर्च सगळ्यांना झेपतो असं नाही. शिवाय अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना ही पहिली परीक्षा माफ आहे आणि आपल्याला नाही, हे टोचतंच. जर्मनीतही यावर वाद झाला. २०१४ साली युरोपच्या न्यायालयाने तुर्की नागरिकांच्या बाबतीत हा नियम कराराला धरून नाही असा निकाल दिला. त्यानंतर, ज्याला भाषा शिकणं खरोखरच अशक्य आहे अशासाठी २०१५ पासून सूट आली.

पण कायमच्या परवान्यासाठी भाषा मागितली तर त्यात मला गैर वाटत नाही. आपणही मागतो की! परदेशी माणसाला अर्ज करून भारताचं नागरिकत्व घ्यायचं असेल तर घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा पुरेशी यायला हवी, असं आपल्या १९५५ च्या कायद्यातच आहे. त्या बावीस भाषांत आपली मराठीही आहे.

खरी गंमत पुढे आहे. आज नवरा ब्लू कार्डवर किंवा पदवीधर कुशल कामगार म्हणून तिथे असेल तर बायकोला ए-वन परीक्षा लागत नाही. नवरा जर्मन नागरिक झालेला असेल तर मात्र लागते. माझ्या मामेबहिणीला ती लागली नाही. आम्हाला तेव्हा तिचा हेवा वाटला होता. पण एक अक्षर न शिकता ती गेली. सुरुवातीला नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे इंग्रजी बोलणारे, मग बाळंतपण, मग लहान मूल. चार वर्षं झाली तरी बालवाडीच्या बाईंचं पत्र आलं की ती संध्याकाळपर्यंत नवऱ्याची वाट पाहते. नवऱ्याला कायमचा परवाना केव्हाच मिळाला. ब्लू कार्डवाल्यांना तो ए-वनवर २७ महिन्यांत आणि बी-वनवर २१ महिन्यांत मिळू शकतो. हिची मात्र बी-वनची परीक्षा अजून व्हायची आहे. माफ झालेली परीक्षा पुढे दुप्पट होऊन समोर आली.

परीक्षेपलीकडे

नणंदेला जाऊन आठ महिने झाले होते. एका रात्री जावयांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. त्यांना बोलवेना. शेजारी ओळखीचं कुणी नाही. तिने ११२ ला फोन लावला. नाव काय, आडनाव काय, स्पेलिंग सांगा, पत्ता सांगा, काय होतंय? आमचं आडनाव लांबलचक. त्याचं स्पेलिंग करून करून ती कंटाळली होती, माझ्यावर चिडायचीसुद्धा. त्या रात्री तिने ते न अडखळता सांगितलं. गाडी वेळेवर आली, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, सगळं ठीक झालं. मला फोन करून म्हणाली, “वहिनी, परीक्षेत विचारलं होतं ना, तेच विचारलं हो त्यांनी!”

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. बायको नवऱ्याच्या आधाराने गेली असेल तर सुरुवातीला तिचा तिथे राहण्याचा हक्क त्या लग्नाला बांधलेला असतो. तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर तिला सामान्यतः स्वतंत्र हक्क मिळू शकतो. घरात मारहाण, छळ असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते. पण हे तिला माहीत हवं आणि कुणाला तरी सांगता यायला हवं. ज्या बाईला भाषा येत नाही तिचं म्हणणं तिच्या नवऱ्याच्याच तोंडून बाहेर जातं. आमचे जावई देवमाणूस आहेत. तरीही मुलीच्या हाती स्वतःच्या नावाचा परवाना असावा, असं मला वाटतं. आईने अंगावर घातलेल्या दागिन्यांसारखंच ते तिचं स्त्रीधन आहे.

जाणाऱ्या मुलींसाठी चार गोष्टी

१. लग्न ठरतानाच विचारा की मुलाचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि आपल्या मुलीला ए-वन लागेल का. नियम बदलत असतात, म्हणून नातेवाइकांच्या सांगण्यावर न राहता जर्मन वकिलातीची ताजी माहिती पाहा.

२. परीक्षा माफ असली तरी ए-वन इथूनच करून जा. पोळीभाजीचा डबा देणारी आई जवळ असताना अभ्यास होतो. तिथे गेल्यावर स्वयंपाक, थंडी आणि एकटेपणा एकदमच अंगावर येतात.

३. ‘पंधरा दिवसांत’ म्हणणाऱ्या क्लासला दुरूनच नमस्कार करा. रोज दोन तास धरले तर तीन-चार महिने लागतात.

४. तिथे गेल्यावर सरकारी वर्गात पहिल्या वर्षीच नाव घाला. बाळ झाल्यावर पाहू म्हटलं की वर्षं निघून जातात. आणि बाळंतपणाला माहेरी येणार असाल तर लक्षात ठेवा, सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर परवाना सामान्यतः रद्द होतो. जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वीच तिथल्या ऑफिसातून मुदत लिहून घ्या.

गेल्या दिवाळीत नणंद मुलीला घेऊन आली होती. परवान्याचं कार्ड तिने सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं आणि देवापुढे ठेवलं. फडताळातल्या मिठाच्या डब्यावर ती हिरवी चिठ्ठी अजून आहे. तिची चार वर्षांची लेक ती वाचून ओरडली, “आजी, डास!” आणि सासूबाई हातातला पंखा घेऊन डास शोधायला लागल्या!